चार बल्ब, दोन पंखे

आमच्या कॉलनीत सगळे गरीब राहतात. हे मी म्हणत नाही, लाईट ऑफिसचा कागद म्हणतो. त्या कागदाप्रमाणे बीड शहराच्या कडेला वसलेल्या आमच्या कॉलनीत प्रत्येक बंगल्यात चार बल्ब, दोन पंखे आणि एक टीव्ही आहे. फ्रिज तीनच घरांत आहे. एसी एकाही घरात नाही. बाहेरचा माणूस हा कागद वाचून आमच्यासाठी जुने कपडे गोळा करायला लागेल.

या खोटेपणाचा त्रास कॉलनीत कुणालाच झाला नाही. तो झाला माझ्या थोरल्या बहिणीला. चौसाळ्याच्या पुढं तिची मोसंबीची बाग होती. ‘होती’ हा शब्द मी विचार करून लिहितोय. ती बाग जायला कारण ठरलेल्या माणसांत एक मी आहे आणि बाकीच्यांना नावं ठेवायच्या आधी हे सांगून टाकलेलं बरं.

मी शाळेत गणित शिकवायचो. रिटायर व्हायच्या बरीच वर्षं आधी मी इथं प्लॉट घेतला तेव्हा भोवती ज्वारी होती. दहा-बारा घरं, मातीचा रस्ता आणि कोपऱ्यावर एक डीपी. त्याला पेपरात रोहित्र म्हणतात, बाकी सगळे डीपी म्हणतात. त्या डीपीवर आमचं नीट चालायचं, कारण तेव्हा आमच्या घरांत खरोखरच चार बल्ब आणि दोन पंखे होते.

मग माणसं आली. कुणी सिरसाळ्याकडून, कुणी दिंद्रुडकडून, कुणी कुठून. कुणाला नोकरी लागली, कुणाला रस्त्याची कामं मिळाली, कुणाचं नशीब निवडणुकीत उघडलं. ज्यानं त्यानं शेजाऱ्यापेक्षा एक मजला जास्त चढवला. नळाला पंधरा दिवसांनी पाणी येतं म्हणून घरटी एक बोअर आणि बोअरवर मोटार. मोटारीचं पाणी खारं म्हणून ते गाळायला मशीन. छताला खड्डे पाडून त्यात पन्नास दिवे. गावाकडं रोज सकाळी शेताला चक्कर मारून येणारा माणूस इथं येऊन जाग्यावर चालायला लागला आणि त्या चालण्यालाही लाईट लागायला लागली. आमच्या समोरच्या गुत्तेदारानं, म्हणजे रस्त्याची कंत्राटं घेणाऱ्यानं, तर देवघरात एसी बसवला. देवांना उकडतं, असं त्याचं म्हणणं. पिढ्यान्‌पिढ्या दगडी देवळात बसलेल्या देवांनी कधी तक्रार केली नव्हती, पण गुत्तेदाराचे देव पडले नाजूक.

याला सगळे विकास म्हणतात. म्हणू देत. मला एवढंच दिसत होतं की माणसं दसपट झाली, यंत्रं शंभरपट झाली आणि डीपी तोच राहिला. उन्हाळ्यात दुपारी दोन वाजता सगळ्यांचे एसी एकदम सुरू झाले की फ्यूज उडायचा. वायरमन यायचा, तार जोडायचा, आमच्या बंगल्यांकडं खालून वर बघायचा आणि निघून जायचा. त्याची ती नजर मला आवडायची नाही. आता वाटतं, कॉलनीत येणाऱ्यांपैकी तोच एक शहाणा होता.

मी कॉलनीच्या कमिटीचा अध्यक्ष. रिकामटेकड्या मास्तराला दुसरं कोणतं पद देणार? तर मी रीतसर अर्ज लिहिला, की आम्हाला मोठा डीपी द्यावा. लाईट ऑफिसच्या साहेबानं तितकंच रीतसर उत्तर दिलं, की घरोघरी विजेचा किती भार आहे याचा सर्व्हे करू आणि मग ठरवू. इथपर्यंत सगळं सरळ होतं. पण सर्व्हे म्हटल्यावर गुत्तेदारानं ग्रुपवर मेसेज टाकला, ‘उद्या सर्व्हेवाला येणार आहे. सर्वांनी काळजी घ्यावी.’

आणि सर्वांनी काळजी घेतली. जास्त भार लिहिला की बिल वाढणार, ही भीती. सकाळपासून एसीच्या बाहेरच्या डब्यांवर साड्या वाळत पडल्या. इतकं धुणं आमच्या कॉलनीत दिवाळीतसुद्धा कधी निघालं नव्हतं. एका घरात भिंतीवरच्या एसीला तोरण बांधून वर गणपतीचा फोटो टेकवला. एकानं सांगितलं, लेकीच्या लग्नात द्यायला घेतलाय, तोवर भिंतीवर ठेवलाय. गुत्तेदारानं देवघराचं दार लावून घेतलं आणि आत सोवळं आहे म्हणाला. सर्व्हेवाला प्रत्येक घरी सरबत प्यायला आणि प्रत्येक घरी लिहीत गेला, चार बल्ब, दोन पंखे, एक टीव्ही.

माझ्या घरी आला तेव्हा मी म्हणालो, ‘‘एसी आहे, पण बंद असतो. मुलानं पुण्याहून पाठवलाय.’’ बोलताना गार वारा माझ्याच मानेवर येत होता. सर्व्हेवाल्यानं वर बघितलं, घाम पुसला आणि माझ्याही नावापुढं तेच लिहिलं. पस्तीस वर्षं पोरांना खरं उत्तर काढायला लावणारा मी, मला जराही लाज वाटली नाही. उलट बरं वाटलं.

आठवड्यानं पत्र आलं. कॉलनीचा एकूण भार बघता आहे तो डीपी पुरेसा आहे. मी तणतणत ऑफिसात गेलो. साहेबानं कागद माझ्यापुढं सरकवला.

‘‘सर, तुम्हीच लिहून दिलंय. या हिशेबानं तुमच्या डीपीवर अजून एक कॉलनी जोडता येईल.’’

‘‘पण रोज फ्यूज उडतोय.’’

‘‘मग खरा भार लिहून द्या. सगळ्यांच्या सह्या घेऊन या. वर पाठवतो, मंजुरी येईल.’’

खरं तर प्रश्न तिथंच सुटला होता. मी बैठक बोलावली आणि साहेबाचं म्हणणं सांगितलं. सगळे आपापले मोबाईल चाळायला लागले. शेवटी गुत्तेदार म्हणाला, ‘‘सर, तुम्ही अध्यक्ष. आधी तुमचा भार लिहा, मग आम्ही लिहितो.’’ मी चष्मा पुसत बसलो. मग गुत्तेदारच म्हणाला की असल्या कामाला कागद लागत नाही, माणूस लागतो.

माणूस म्हणजे आमच्या भागातले एक पुढारी. त्यांच्या कार्यालयात आम्ही दोघं गेलो. बाहेर पन्नास माणसं उन्हात, आत तीन एसी. पुढाऱ्यांनी ऐकून घेतलं, लाईट ऑफिसात फोन लावला आणि आम्हाला ऐकू जावा म्हणून स्पीकर चालू केला. ‘‘आपली मान्सं हायेत. उद्याच्या उद्या डीपी बसला पायजे. कुठून आनायचा ते तुमी बघा.’’ पलीकडून ‘होय साहेब’ आलं. कुठून आणायचा, हे त्यांनी विचारलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. आम्हाला आपल्यातलं म्हटल्यानं मी तर हरखूनच गेलो होतो. परत येताना गुत्तेदाराच्या गाडीत मी, गणिताचा मास्तर, फुशारकीनं काच खाली करून बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रकमधून डीपी आला. जुनाच होता, दुरुस्त करून नव्यानं भरलेला, वर करडा रंग फासलेला. जुन्या डीपीशेजारी त्याला चढवला आणि अर्धी कॉलनी त्यावर टाकली. चढवायच्या आधी अध्यक्ष म्हणून नारळ मी फोडला. फोटो निघाले. हळदकुंकू लावायला माझी बायको पुढं झाली आणि थबकली. ‘‘अहो, याला आधीच कुणीतरी लावलंय. रंगाखालून दिसतंय बघा.’’ मी म्हणालो, वर्कशॉपवाल्यांनी पूजा केली असेल. त्या संध्याकाळी कॉलनीतले सगळे एसी एकदम चालले आणि फ्यूज उडाला नाही. पुढाऱ्यांचं बॅनर तिसऱ्या दिवशी लागलं.

पाचव्या दिवशी अक्का आली.

अक्का माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. भावजी गेल्यावर पोरानं पुण्याला बोलावलं, ती गेली नाही. तिनं विहीर खोल केली आणि तीन एकरांत मोसंबी लावली. रोपं होती तेव्हा कळशीनं पाणी घातलं. मोसंबीला फळ धरायला पाच-सहा वर्षं लागतात, तेवढी वर्षं ती झाडांशी बोलत बसली. त्यानंतर दर वर्षी श्रावण सरला की माझ्या घरी दोन पोती यायची. आम्ही ती कॉलनीत वाटायचो आणि बायको सांगायची, आमच्या अक्काच्या बागेतली आहेत. गुत्तेदाराच्या देवांनाही त्यातली जायची.

ती आली तेव्हा दुपारचा एक वाजला होता. एसटीतून उतरून चालतच आली होती. माझ्या खोलीत बसली, पदरानं मान पुसली आणि वर एसीकडं बघून म्हणाली, ‘‘लई गार हाय रे तुज्या घरात.’’ मग पाणी प्यायली आणि सांगायला लागली.

त्यांच्या शिवारातला डीपी वीस दिवसांपूर्वी जळाला होता. आमच्याकडं खेड्यातला डीपी जळाला की शेतकऱ्यांनीच तो उतरवायचा, ट्रॅक्टरवर घालायचा आणि वर्कशॉपात नेऊन नंबर लावायचा. तसा त्यांनी लावला होता. न्यायच्या आधी बायकांनी त्याला हळदकुंकू लावलं, लवकर बरा होऊन ये म्हणून. रोज गावातला एकजण वर्कशॉपच्या दारात बसायचा.

‘‘आमचा नंबर आलता. भरून तयार झालता डीपी, पोरांनी डोळ्यांनी बघितला. दुसऱ्या दिशी ट्रॅक्टर घेऊन गेलते तर न्हाई. म्हनले, शहरात इमर्जन्सी हाय, तिकडं गेला. आता पुना नंबर लावा.’’ तिनं ग्लास खाली ठेवला. ‘‘हिरीत पानी हाय बग. तळ दिसत न्हाई एवढं हाय. पर वर कसं काढू? झाडाला लिंबाएवढी फळं लागलीत. पानं वळायला लागलीत. अजून आठ दिस काढतील, लई तर धा. तुजी वळख हाय ना कुनाशी? त्या साहेबाला एक शबुद सांग.’’

बायको दारात उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं. मी बायकोकडं बघितलं नाही. मी अक्काला म्हणालो, ‘‘बघतो.’’

हा एक शब्द मी आयुष्यात हजार वेळा वापरला असेल, पण इतका भिकार कधी वापरला नव्हता. तिला तिथंच सांगायला हवं होतं. मी तिला जेवायला घातलं.

चार वाजता तिला रिक्षात बसवायला कोपऱ्यावर आलो. डीपीपाशी बॅनर होतं, बॅनरवर माझाही फोटो होता, हातात नारळ. अक्काला फारसं वाचता येत नाही, पण फोटो दिसतो. तिनं फोटो बघितला, मग वर डीपी बघितला. मग ती चार पावलं पुढं गेली आणि मान वर करून पुष्कळ वेळ बघत राहिली.

‘‘ह्यो आमचा हाय,’’ ती म्हणाली.

‘‘अक्का, सगळे डीपी सारखेच दिसतात.’’

‘‘मी कुक्कू लावलंय त्याला. माज्या हाताचं मला कळंना व्हय? आन् ती चेमटलेली बाजू बग. उतरवताना दोर सुटला तवा ट्रालीच्या फाळक्यावर आदळलता.’’ मग माझ्याकडं न बघता विचारलं, ‘‘तुला म्हाईत व्हतं?’’

‘‘तुमचा आहे हे माहीत नव्हतं.’’

‘‘कुनाचा तरी आसंल, एवढं तर म्हाईत व्हतं ना?’’

ती ओरडली असती, चारचौघांत माझी शोभा केली असती, तर मला सोपं गेलं असतं. ती रिक्षात बसली आणि एवढंच म्हणाली, ‘‘आता तरी जा कुनाकडं. आठ दिस हायेत.’’

मी गेलो. माझ्या बाजूनं मांडायला एवढंच आहे. साहेब म्हणाला, डीपी परत काढता येईल, पण कॉलनीनं लेखी द्यावं लागेल की आम्हाला हा नको, आणि सोबत खरा भार लिहून सह्या. म्हणजे नवीन मंजुरी येईपर्यंत तुमचं पहिल्यासारखं, फ्यूज उडणार. मी पुन्हा बैठक बोलावली. अक्काचं सगळं सांगितलं. ज्यांनी दर वर्षी ती मोसंबी खाल्ली तेच समोर बसले होते.

‘‘सर, वाईट वाटतं,’’ गुत्तेदार म्हणाला. ‘‘पण आमच्या नातवाला उकाड्यानं पुरळ येतं. आणि मोसंबीचं काय, चौकात गाड्यावर मिळते की.’’

बाकीच्यांनी माना डोलावल्या. ही सगळी शेतकऱ्यांचीच पोरं. यांतल्या निम्म्यांच्या बापानं विहिरीच्या कडेला बसून लाईटची वाट बघण्यात उन्हाळे घालवले. गाव सोडून शहरात आलेल्या माणसाइतका गावाचा वैरी दुसरा कोणी नसेल, असं मला त्या दिवशी वाटलं, आणि मी त्यांना मनातल्या मनात नाही नाही ते बोललो. एक जण म्हणाला, ‘‘सर, तुम्ही एकटे तरी सही करून द्या की. सुरुवात होईल.’’ त्याला बहुतेक मला गप्प करायचं होतं. पण बोलला ते खरं होतं.

मी घरी आलो आणि कागद घेतला. नाव, घर नंबर. एसी दोन; दुसरा आतल्या खोलीत होता, तो मी अक्कालाही दाखवला नव्हता. गिझर, मोटार, फ्रिज, इन्व्हर्टर, सगळं लिहिलं. शेवटी लिहिलं की आमच्या कॉलनीत आलेला डीपी चौसाळ्याकडच्या शेतकऱ्यांचा आहे, तो परत द्यावा. अध्यक्ष म्हणून सही केली. शुक्रवार होता, दुपारचे अडीच. साहेबाचं ऑफिस सहाला बंद होतं. बाहेर ऊन मी म्हणत होतं. म्हटलं, जरा ऊन उतरू दे, तोवर थोडं पडू. एसी लावला आणि आडवा झालो.

उठलो तेव्हा साडेसहा वाजले होते. शनिवार-रविवार सुट्टी. सोमवारी कसलीशी जयंती. मंगळवारी साहेब मीटिंगला. बुधवारी त्यानं कागद वाचला आणि म्हणाला, ‘‘सर, धाडस केलंत. पण एकट्याच्या सहीवर नाही होत.’’ कागद ठेवून मात्र घेतला. पुढच्या महिन्यात माझ्या एकट्याचं बिल वाढलं.

अक्काच्या शिवाराला दुसरा डीपी मिळाला तो या सगळ्याच्या सतरा दिवसांनंतर. मधल्या काळात तिनं टँकर आणून रस्त्याकडच्या दोन ओळी जगवल्या. बाकी बागेची आधी फळं गळली, मग पानं. मुरमाड जमीन, तिला दम नाही. मी गेलो तेव्हा विहिरीवर मोटार चालू होती आणि वाळलेल्या झाडांच्या आळ्यांत पाणी भरत होतं. अक्का फावडं घेऊन पाटाला उभी होती. मी म्हणालो, फुटतील परत. ती म्हणाली, ‘‘तुला झाडातलं काय कळतंय?’’ आणि पाणी पुढच्या आळ्यात वळवलं.

फुटली नाहीत. पोरगा पुण्याहून आला, म्हणाला परत लावू. अक्का म्हणाली, सहा वर्षं कोण थांबणार, मी एकाहत्तरची हाय. जमीन हायवेला लागून. प्लॉट पाडणारे दोन वर्षं मागं लागलेच होते. त्या दिवाळीच्या आत जमीन गेली.

गेल्या महिन्यात तिनंच मला फोन करून सांगितलं, ‘‘चल, एकदा बगून येऊ.’’ मी गाडी काढली. विहीर बुजवली होती. सगळं सपाट, चुन्याच्या रेघा, सिमेंटचे खुंट, मधून रस्ते. कमान उभी राहिली होती आणि तिच्यावर चोवीस तास वीज असं लिहिलं होतं. एकही घर नव्हतं. पण डीपी होता. कोरा करकरीत, भोवती जाळी, खाली खडी अंथरलेली. अक्काची तिसरी ओळ जिथं होती, साधारण तिथंच.

ती जाळीपाशी गेली. तिथल्या माणसाला विचारलं, ‘‘ह्याच्यावर काय चालतंय आता?’’

‘‘सध्या काही नाही आजी. घरं झाली की चालंल. आता नुसते कमानीचे लाईट आहेत.’’

सकाळचे अकरा वाजले होते. लख्ख ऊन होतं आणि कमानीवरचे सगळे दिवे जळत होते. अक्कानं कपाळावर हात धरून ते एकेक करून मोजले.

‘‘दिसा कावून लावलेत?’’

‘‘असू द्या की आजी. गिऱ्हाईक आलं की दिसायला पाहिजे, लाईट आहे म्हणून.’’

ती माझ्याकडं वळली, आणि कोपऱ्यावर तिला रिक्षात बसवलं त्या दिवसानंतर पहिल्यांदा तिनं माझ्या डोळ्यांत बघितलं.

‘‘दोनच तास लाईट पुरली असती रे,’’ ती म्हणाली. ‘‘दिसातून दोनच तास.’’

मला रडू आलं. ती गाडीत जाऊन बसली आणि मी तिथंच उन्हात उभा राहिलो.